सुताराचा ट्रिमर आणि घरचें कोरीवकामाचें यंत्र

घरीं कपाटाचें अगर ओट्याखालच्या फडताळाचें काम चाललें असतां, फळीवर सनमायका चिकटवून झाल्यावर तिची बाहेर राहिलेली कड सुतार एका लहानशा यंत्रानें कशी उतरवितो, हें आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलें असेल. हें यंत्र एका मुठींत मावतें. त्याचा आवाज मात्र शेजारच्या घरापर्यंत पोहोंचतो. सुतार त्याला ट्रिमर म्हणतात. विजेच्या मोटरीच्या टोंकाला एक बारीक धारदार पातें बसविलेलें असतें. तें मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेतें आणि जेथून जातें तेथील लांकूड भुशाच्या रूपानें उडवून लावतें. हेंच यंत्र सुताराच्या हातांतून काढून संगणकाच्या हुकमतीखालीं चालणाऱ्या एका चौकटींत बसवावयाचें, आणि त्याच्याकडून नांवाच्या पाट्या, जाळ्या, पाटावरील नक्षी, मखराचीं पानेंफुलें कोरवून घ्यावयाचीं, हा उद्योग आज पुष्कळ तरुण घरच्या घरीं करीत आहेत. अशा चौकटीला सीएनसी यंत्र म्हणतात, आणि तींत जो भाग पातें धरून फिरवितो त्याला स्पिंडल.

आमच्या एकत्र कुटुंबांत गेलीं दोन वर्षें असें यंत्र मागच्या पडवींत चालू आहे. पुतण्यानें चौकट जुळविली, धाकट्या कन्येनें संगणकाची बाजू सांभाळली, आणि आम्ही, ज्यांच्याकडे घरचा जमाखर्च आहे त्यांनीं, वेळोवेळीं प्रश्न विचारण्याचें काम केलें. मुलांनीं असा छंद मनावर घेतला कीं वडीलधाऱ्यांना दोन शंका येतात. सुताराचें हत्यार या कामाला खरोखर पुरेल काय, कीं आज ट्रिमर आणि उद्यां दुसरें कांहीं, असा दुहेरी खर्च होईल? आणि चार पिढ्या जेथें नांदतात अशा घरांत तें चालविणें निर्धोक आहे काय? या दोन शंकांचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम या हत्याराचा जन्म कशासाठीं झाला तें पाहूं, कारण त्याचे गुण आणि उणिवा त्यांतच आहेत. १९१२ सालीं अमेरिकेंत वेस्टिंगहाउस कंपनींत काम करणाऱ्या डॅनियल ओकोनर व हर्बर्ट फेबर या दोन अभियंत्यांनीं विजेच्या कामांत लागणाऱ्या अभ्रकाला पर्याय म्हणून राळेंत भिजविलेल्या थरांचा एक कठीण पदार्थ तयार केला. अभ्रकाला इंग्रजींत मायका म्हणतात. ‘मायकाऐवजीं’ अशा अर्थानें त्याचें नांव फॉर्मायका पडलें. पुढें हाच पदार्थ शोभेच्या पत्र्यांच्या रूपानें मेजांवर व ओट्यांवर जाऊन बसला, आणि आपल्याकडे अशा पत्र्याला सनमायका हें एका छापाचें नांवच सरसकट लागूं झालें. या पत्र्याची कड रंध्यानें अगर कानशीनें उतरवितांना ती टवके उडून खराब होते. म्हणून मोठ्या राऊटरचें धाकटें भावंड, हलकें व एका हातानें धरतां येणारें, असें हें हत्यार निघालें. म्हणजे त्याच्या मूळ कल्पनेंत तीन गोष्टी गृहीत आहेत: काम थोडा वेळ चालावयाचें, काप उथळ असावयाचा, आणि मुठींत एक जाणता हात असावयाचा.

संगणकानें चालणाऱ्या यंत्राचें घराणें अगदीं निराळें आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मिशिगन प्रांतांतील जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वक्र आकार अचूक कसे कापावे या विवंचनेंत होते. वक्ररेषेवरील बिंदूंचे आंकडे गणकयंत्रानें काढून त्या आंकड्यांनींच यंत्र हलवावें, ही त्यांची कल्पना. अमेरिकन हवाई दलानें पैसा पुरविला, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेनें तें काम हातीं घेतलें, आणि १९५२ सालीं छिद्रें पाडलेल्या कागदी फितीवरून हुकूम घेणारें पहिलें यंत्र लोकांसमोर आलें. त्याचा नियंत्रक निर्वात नळ्यांचा होता. तीच विद्या घराच्या पडवीपर्यंत यावयास सुमारें साठ वर्षें लागलीं. २००९ सालीं नॉर्वेंतील सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनीं ‘ग्रबल’ नांवाची आज्ञावली लिहिली व ती सर्वांस मोफत खुली केली. ती आर्डुइनो नांवाच्या तळहाताएवढ्या फळीवर चालते. दोन वर्षांनीं, २०११ सालीं, एडवर्ड फोर्ड या अमेरिकन तरुणानें शेपओको नांवाच्या साध्या चौकटीचा आराखडा वर्गणीच्या बळावर लोकांपुढें ठेवला. चौकट आली, मेंदू आला. पातें फिरविणारा मात्र बाजारांतच शोधावयाचा होता, आणि तो सुताराच्या पेटींत सांपडला.

सुताराच्या पेटींतला हा ट्रिमर कां जमला, हें समजण्यास फार शास्त्र लागत नाहीं. त्याचें अंग बहुधा सरळ नळकांड्यासारखें असतें, त्यामुळें तें एका गोल पकडींत घट्ट धरतां येतें. उदाहरणार्थ, मकिता कंपनीच्या आरटी ०७०० या जातीच्या ट्रिमरचा बांधा सुमारें ६५ मिलिमीटर व्यासाचा आहे, आणि कित्येक घरगुती यंत्रांच्या पकडी त्याच मापाच्या निघतात. वजन दोन किलोच्या आंत, शक्ति ७१० वॅट. म्हणजे २३० व्होल्टवर तीन अँपिअरच्या आसपास. घरांतील नेहमींच्या प्लगवर तें चालतें, वेगळा तारेचा खेळ करावा लागत नाहीं. आणि मुख्य म्हणजे यंत्राचा प्रयोग फसला तरी हत्यार वायां जात नाहीं. पकडीचे स्क्रू सैल केले कीं तें पुन्हां सुताराचें सुतारालाच.

आतां यांतली गोम सांगतों. सुताराच्या हातांत ट्रिमर असतो तेव्हां काम करणारे खरें म्हणजे दोघे असतात. पातें अडूं लागलें कीं मोटरीचा आवाज खालीं उतरतो, मुठीला थरथर जाणवते, लांकडाचा करपट वास येतो. आणि सुताराचा हात, त्याच्या स्वतःच्याहि नकळत, वेग कमी करतो अगर थोडा मागें येतो. संगणकाच्या हातांत हें कांहींच नाहीं. त्याला सांगितलें असेल कीं मिनिटाला हजार मिलिमीटर जा, तर तो जाईल. समोर गांठ आहे, पातें बोथटलें आहे, लांकूड धूर सोडीत आहे, याची त्याला वार्ता नाहीं. अशा घरगुती यंत्रांतील साध्या पाऊल-मोटरी तर आपण पाऊल चुकलों हेंहि जाणत नाहींत. अडून मागें राहिल्या तरी पुढचा हुकूम तसाच पाळीत राहतात, आणि सारी नक्षी चार बोटें सरकून जाते. सुताराचा हात जें ऐकत होता तें आपणांस आधींच हिशेबानें ऐकून ठेवावें लागतें. हत्यार बांधण्यापेक्षां हें काम मोठें आहे, आणि मुलांनीं तें केलें आहे कीं नाहीं एवढेंच वडिलांनीं तपासावें.

हिशेब सोपा आहे. घरांतील कोणीहि करूं शकेल. पात्याला बहुधा दोन धारा असतात. प्रत्येक धारेनें प्रत्येक फेऱ्यांत लांकडाची एक पातळ ढलपी काढावी, अशी अपेक्षा. तीन मिलिमीटरच्या पात्यानें मऊ लांकडांत ती ढलपी सुमारें ०.०५ मिलिमीटर जाडीची निघावी असें धरूं. मिनिटाला १०,००० फेरे असतील तर १०,००० गुणिले २ गुणिले ०.०५, म्हणजे मिनिटाला १,००० मिलिमीटर, इतक्या वेगानें यंत्र पुढें सरकलें पाहिजे. पट्ट्यांवर चालणाऱ्या हलक्या चौकटीला हा वेग सुखानें झेपतो. आतां हाच हिशेब ३३,००० फेऱ्यांना लावा: ३,३०० मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला साडेपांच सेंटिमीटर. इतक्या वेगानें लांकूड कापीत जाणें घरगुती चौकटीच्या आवांक्यांत बहुधा नसतें. मग चालविणारा काय करतो? सरकण्याचा वेग कमी करतो, आणि फेरे तसेच राहतात. हजार मिलिमीटरला छासष्ट हजार धारांनीं भागा, ढलपी ०.०१५ मिलिमीटरची उरते. ही ढलपी नव्हेच, हें पीठ झालें. धार कापण्याऐवजीं घांसत बसते, घांसण्यानें तापते, तापून बोथटते, आणि लांकडाची कड काळी पडते. दुकानदार ज्या आंकड्याची फुशारकी सांगतो तो आंकडाच येथें दोष ठरतो.

म्हणून ट्रिमर घेतांना पहिला प्रश्न हा विचारावा: याचे फेरे कमी करतां येतात काय? आपल्या बाजारांतील पुष्कळसे स्वस्त ट्रिमर एकाच वेगाचे असतात, मिनिटाला तीस हजारांच्या वर. सनमायकाची कड उतरविण्यास तें ठीक आहे. वर सांगितलेल्या मकिताच्या वेग बदलतां येणाऱ्या ट्रिमरला एक चकती असते व तिच्यावर १ ते ६ आंकडे. पहिल्या खुणेला दहा हजार, दुसरीला बारा, तिसरीला सतरा, आणि सहावीला तीस हजार फेरे. घरगुती यंत्रावरील जवळजवळ सारें काम पहिल्या तीन खुणांत आटोपतें. शिवाय त्यांत भार आला तरी फेरे टिकवून धरणारी विजेची योजना असते. वर म्हटलेला जाणता हात नसतांना तिचा फार उपयोग. अमेरिकेंत लोकप्रिय असलेल्या डिवॉल्टच्या ट्रिमरचा वेग १६,००० च्या खालीं उतरत नाहीं, म्हणून तो लांकडाला चालला तरी प्लॅस्टिकच्या पत्र्यांना तितकासा सोयीचा नाहीं. प्लॅस्टिक वितळून पात्यालाच गुंडाळतें. घरीं एकाच वेगाचा ट्रिमर आधींपासून असेल तर एका धारेचें पातें वापरावें. ढलपी दुप्पट होते, आणि अर्धें दुखणें जातें.

पातें धरणाऱ्या चिरलेल्या नळीला कॉलेट म्हणतात. या नळीच्या बाबतींत एक फसवी गोष्ट आहे. आपल्याकडील ट्रिमरचा कॉलेट बहुधा ६ मिलिमीटरचा असतो. अमेरिकेकडील मालाचा पाव इंचाचा, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा. नुसत्या डोळ्यांना दोहोंत फरक दिसत नाहीं. सहा मिलिमीटरची दांडी पाव इंचाच्या कॉलेटमध्यें घालून नट आवळला तर ती धरल्यासारखी वाटते, पण कापतांना हळूहळू बाहेर सरकते आणि काप खोल खोल जाऊं लागतो, किंवा पातें सुटून उडतें. बारीक कोरीवकामाचीं पातीं तर अष्टमांश इंचाच्या दांडीचीं, म्हणजे ३.१७५ मिलिमीटरचीं येतात. त्यांच्यासाठीं त्याच मापाचा स्वतंत्र कॉलेट घ्यावा. मधें पितळी नळी घालून काम भागवितात, परंतु दोन सांधे झाले कीं पातें मध्यावर राहात नाहीं, किंचित् डुगडुगतें. ही डुगडुग ०.०५ मिलिमीटर असली तर वरच्या हिशेबांतली सारी ढलपी एकाच धारेच्या वांट्याला जाते आणि दुसरी धार नुसती हवा कापते. कॉलेटवर पैसे वांचवूं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पातें बाहेर किती ठेवावें हेंहि मुलांना एकदां समजावून द्यावें. दांडी जितकी बाहेर, तितकी ती वांकते. आणि हें वांकणें लांबीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें. दुप्पट लांबी बाहेर ठेवली कीं आठपट वांकणें. जाडीचा हिशेब याहून कडक आहे: सहा मिलिमीटरच्या जागीं तीन मिलिमीटरचें पातें बसविलें तर तें सोळापट वांकतें. त्यामुळें लांब व बारीक पातें ही केवळ गरज पडेल तेव्हांच वापरावयाची चीज.

पकडीविषयीं थोडें. पुष्कळ हौशी लोक ती प्लॅस्टिकच्या तारेपासून वस्तु उभारणाऱ्या छपाईयंत्रावर, म्हणजे थ्रीडी प्रिंटरवर, घरींच काढतात. सुरुवातीला हें ठीक आहे. परंतु त्या कामांत नेहमीं वापरलें जाणारें पीएलए हें प्लॅस्टिक साठ अंशांच्या सुमारास मऊ पडूं लागतें, आणि तासभर चाललेली मोटर चांगलीच तापते. पकड सैल होते आणि ट्रिमर किंचित् कलतो. कल आला आहे कीं नाहीं हें पाहण्याची साधी रीत म्हणजे जाड पात्यानें एक फळी सपाट करून तीवर बोट फिरविणें: प्रत्येक फेरीच्या कांठाला पायरी लागली तर ट्रिमर काटकोनांत नाहीं. अॅल्युमिनियमची पकड एकदां घ्यावी व मोकळें व्हावें.

मग खरा स्पिंडल कां घेऊं नये? कारखान्यांतून वापरतात ते तीन फेजचे, पाण्यानें थंड ठेवावयाचे स्पिंडल आज सहज मिळतात. त्यांना कार्बनचे ब्रश नसतात, आवाज फार कमी, बेअरिंगें बाजूचा दाब सोसण्याच्या हिशेबानें बसविलेलीं. त्यांचे फेरे विजेच्या कंपनसंख्येवर अवलंबून असतात. ४०० कंपनांची वीज दिली कीं मिनिटाला २४,००० फेरे. ही वीज घरच्या विजेपासून तयार करणारी एक पेटी लागते, पाण्याचा पंप लागतो, उत्तम अर्थिंग लागतें. वजनहि ट्रिमरच्या दुपटीहून अधिक. तें उचलून धरण्यास चौकट तितकीच भरभक्कम हवी, आणि चौकट भरभक्कम केली कीं तिच्या मोटरीहि मोठ्या घ्याव्या लागतात. जो रोज पांच-सहा तास यंत्र चालवून चार पैसे मिळविणार, त्यानें तो अवश्य घ्यावा. पहिल्या यंत्रावर तो घेणें म्हणजे पोहावयास शिकण्यापूर्वीं होडी विकत घेणें. जर्मनींत क्रेस या कंपनीनें मधला एक मार्ग काढला होता: ४३ मिलिमीटरच्या जाड मानेची, मुद्दाम पकडींत धरण्यासाठींच केलेली ब्रशची मोटर. युरोपांतील हौशी लोकांत ती पुष्कळ चालली. परंतु आपल्याकडे ट्रिमरचे ब्रश व बेअरिंगें गांवोगांवीं दुरुस्तीवाल्यांकडे मिळतात, हा फायदा आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

आतां घराकडे वळूं. या यंत्राच्या आवाजाचें वर्णन आमच्या मातोश्रींनीं पहिल्याच दुपारीं केलें. त्या पडवीच्या दारांत येऊन नातीला म्हणाल्या, “काय ग, दळण किती राहिलंय अजून?” नात म्हणाली, “आजी, अर्धा तास.” “बरं, मग मी तोंवर देवळांत जाऊन येते.” विनोद सोडला तरी गोष्ट खरी आहे. असा ट्रिमर नुसता फिरत असतांनाच ऐंशी डेसिबलच्या वर आवाज करतो, आणि लांकडांत शिरला कीं आणखी वाढतो. आपल्या देशांत २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत मर्यादा दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. आमच्या घरीं यंत्रावर जाड प्लायवूडची, आंतून फोम लावलेली पेटी घातली, तीस एक कांच बसविली, आणि दुपारीं दोन ते चार यंत्र बंद ठेवण्याचा नियम केला. पेटी पूर्ण बंद केली तर मोटरीला हवा मिळत नाहीं; ती आपल्याच पंख्यानें वरून हवा ओढून स्वतःला थंड ठेवते. म्हणून पेटीला हवेची वाट ठेवावी, आणि ती पात्यापासून दूर, वरच्या अंगास असावी. नाहीं तर तोच भुसा मोटरींत शिरतो व ब्रश लवकर झिजतात.

आवाजापेक्षां धूळ वाईट. लांकडाची धूळ हें कर्करोगाचें निश्चित कारण आहे, असें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेनें १९९५ सालीं नमूद केलें. फॉर्माल्डिहाइड या वायूविषयींहि तिनें २००४ सालीं तोच निर्णय दिला. एमडीएफ म्हणून जे सपाट, स्वस्त तक्ते मिळतात, ते लांकडाचा भुगा अशाच राळेंत दाबून केलेले असतात, आणि नवशिक्यांचें हें आवडतें लांकूड. ट्रिमरनें काढलेली त्याची धूळ मैद्याहून बारीक असते. ती तासन्‌तास हवेंत तरंगते. ज्या घरांत दम्याचा वृद्ध आहे अगर रांगतें मूल आहे, तेथें हें काम बैठकीच्या खोलींत होऊं देऊं नये, हें निक्षून सांगावयास हवें. पात्याभोंवतीं कुंचल्यासारख्या केसांचें गोल कडें लावून धूळ जागच्या जागीं ओढून घेणारा व्हॅक्यूम जोडावा. चालविणाऱ्यानें तोंडाला नुसता रुमाल न बांधतां धुळीसाठींच केलेला एन-९५ जातीचा मुखवटा लावावा. आणि भुसा घांसून तापला तर त्यांत ठिणगी धुमसत राहूं शकते. यंत्र चालू ठेवून जेवावयास उठण्याची परवानगी आमच्या घरीं कोणालाहि नाहीं.

विजेची एक गोष्ट तर मुलांच्या पुस्तकांत सांपडतच नाहीं, पण आपल्याकडील प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. वीज जाते, आणि पुन्हां येते. ज्या ट्रिमरची कळ एकदां दाबली कीं दाबलेलीच राहते, तो वीज परत आल्याबरोबर आपण होऊन फिरूं लागतो. संगणकाचा नियंत्रक मात्र हुकूम विसरून गप्प बसलेला असतो. अशा वेळीं कोणी पेटी उघडून पातें बदलूं लागलें असेल तर काय होईल, हें सांगावयास नको. म्हणून ट्रिमर सरळ भिंतीच्या प्लगवर न लावतां, वीज गेली कीं सुटणाऱ्या व बटण दाबल्याशिवाय पुन्हां न जोडल्या जाणाऱ्या स्विचमधून द्यावा. त्याच स्विचला लाल टोपीचें मोठें बटण असावें, आणि तें दाबतांच ट्रिमर व चौकटीच्या मोटरी दोन्ही थांबाव्या. पातें बदलतांना तरीहि पिन काढून ती हातांत धरावी. ब्रशच्या ठिणग्यांमुळें संगणकाच्या तारेंत व्यत्यय येतो आणि काम मध्येंच थबकतें, अशी तक्रार नवशिके फार करतात. ट्रिमरची व संगणकाची तार एकमेकींपासून दूर नेली आणि संगणकाची तार जाळीचें आवरण असलेली घेतली कीं ती बहुतेक मिटते.

इतकें सगळें केल्यावर मिळतें काय? महाराष्ट्रांत २०१८ सालीं थर्मोकोलवर बंदी आल्यापासून गणपतीच्या मखराचा प्रश्न घरोघरीं नव्यानें उभा राहिला. पातळ प्लायवूडच्या कमानी व जाळ्या या यंत्रावर सुरेख निघतात, सुट्या करून माळ्यावर ठेवतां येतात, आणि पुढच्या भाद्रपदांत पुन्हां जुळवितां येतात. पातळ प्लायवूडला खालीं दाबणारें पातें वापरावें. वर ओढणारें पातें त्याचे थर उचकटतें.

आमच्या कन्येचा जीव मात्र रमला तो अक्षरांत. दाराच्या पाटीवर मराठी नांव कोरावयाचें म्हटलें कीं रोमन लिपीसाठीं लिहिलेल्या साऱ्या सूचना अपुऱ्या पडतात. गोल पात्याला आंतला तीक्ष्ण कोपरा कापतांच येत नाहीं. तीन मिलिमीटरचें पातें प्रत्येक आंतल्या कोपऱ्यांत दीड मिलिमीटरची गोलाई ठेवून जातें. शिरोरेषेला जेथें काना मिळतो तेथें ही गोलाई डोळ्यांत भरते, आणि ‘क्ष’च्या अगर ‘ळ’च्या पोटांतील लहान जागा तर बुजूनच जाते. यावर उपाय म्हणजे टोंकाकडे निमुळतें होत गेलेलें पातें. तें रुंद रेषेंत खोल उतरतें, अरुंद होत गेलें तसतसें वर उचललें जातें, आणि कोपऱ्यांत पोहोंचेपर्यंत त्याचें केवळ टोंक लांकडांत उरतें. त्यामुळें कोपरा सुईसारखा निघतो. बोरूनें लिहिलेल्या अक्षरांत जाड-बारीक जसें येतें, तशी खोल-उथळ सावली लांकडांत उमटते. यासाठीं खोलीचा अंदाज बिनचूक हवा, कारण चौथाई मिलिमीटर अधिक खालीं गेलें कीं अक्षर लठ्ठ होतें. फळी आधीं त्याच यंत्रावर सपाट करून घ्यावी. सागवान या कामाला फार गोड. आंब्याच्या लांकडाचे तंतु निघतात आणि पाटी मग हातानें घांसत बसावें लागतें.

ब्रशांकडे मधून मधून पाहावें. मकिताच्या ब्रशांवर झिजेची मर्यादा दाखविणारी खूण असते. तिथपर्यंत झीज आली कीं दोन्ही एकदमच बदलावे, एक जुना एक नवा ठेवूं नये. बाहेरच्या टोप्या उघडून हें काम पांच मिनिटांत होतें, आणि आमच्या पुतण्यानें त्याची तारीख पेटीच्या झांकणावर खडूनें लिहावयाची पद्धत ठेविली आहे. खालचें बेअरिंग खरखरूं लागलें तर ट्रिमर थांबल्यावर पातें हातानें हळूच फिरवून पाहिलें असतां तें कळतें. तें बदलावयास मात्र दुरुस्तीवाल्याकडेच द्यावें, कारण दाबून बसविलेलें बेअरिंग ठोकून काढतांना मोटरीचा दांडा वांकला तर सारें संपलें. गेल्या महिन्यांत आमच्या घरीं देवघराच्या पाटांच्या कडा गोल करावयाच्या होत्या. त्या कामाला यंत्राची जरुरी नव्हती. पुतण्यानें पकडीचे स्क्रू सैल करून ट्रिमर बाहेर काढला, त्याचा मूळचा पाया त्याला लावला, आणि सुतारासारखा हातांत धरून पांच पाटांच्या कडा संध्याकाळच्या आंत उतरविल्या.